लॉगिन आणि सत्र : लिनक्स संगणकावरील मांडणी

संगणक सुरू होताच नाव व पासवर्ड विचारला जातो, ते लॉगिन. त्यानंतर कामाचे जे वातावरण उघडते, ते सत्र. उबुंटू २४.०४ मध्ये लॉगिनच्या पडद्यावर आपले नाव निवडल्यावर खालच्या कोपऱ्यात दातेरी चाकाचे चिन्ह दिसते. तेथून वेलँड वा एक्सऑर्ग यांपैकी सत्र निवडता येते.

खरा विचार करावा लागतो तो स्वयंचलित लॉगिनचा. ‘सेटिंग्ज’मधील ही सोय सुरू केली, की संगणक चालू करणारा कोणीही थेट आपल्या खात्यात, म्हणजेच आपल्या स्वाध्यायांपर्यंत पोहोचतो. शिवाय पासवर्ड टंकलेलाच नसल्याने, साठवलेल्या पासवर्डांची ‘कीरिंग’ नावाची पेटी बंद राहते आणि ब्राउझर उघडताच तिचा पासवर्ड मागणारी चौकट समोर येऊ शकते. पुष्कळांना हा बिघाड वाटतो. तो बिघाड नव्हे. पेटीचा पासवर्ड रिकामा ठेवल्यास चौकट थांबते खरी, परंतु आतील मजकूर सांकेतिक रूपात न राहता उघडा साठतो. हा उपाय टाळलेलाच बरा.

घरात एकच संगणक असल्यास प्रत्येकाचे स्वतंत्र खाते करावे. उबुंटूच्या २१.०४ या आवृत्तीपासून नव्या खात्याचे होम फोल्डर इतर सामान्य खात्यांना उघडता येत नाही. प्रशासकाचे अधिकार असलेल्या खात्याला मात्र ते उघडता येते.