दाराशीं थांबणारा पाऊस

मृग संपून आर्द्रा लागल्या कीं मुंबईच्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकूं येतो: ओली छत्री ठेवावी कोठें? बाल्कनींत न्यावी तर दिवाणखान्यांतून पाण्याची रेघ ओढली जाते. दारामागें टेकावी तर तिच्याखालीं तळें सांचतें. प्रश्न क्षुल्लक खरा, आणि मलाहि तो तसाच वाटत असे. परंतु दोन वर्षांपूर्वीं आषाढांत माझ्या सासूबाई त्याच तळ्यावरून घसरल्या आणि त्यांच्या खुब्याचें हाड मोडलें. फरशी गुळगुळीत, आरशासारखी. आम्हींच हौसेनें निवडलेली. तेव्हांपासून दाराच्या आंतल्या त्या तीन-चार फुटांकडे मी निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलें. त्यांच्याविषयींच आज आपल्याशीं बोलावयाचें आहे.

आपल्या जुन्या घरांना हा प्रश्न फारसा पडत नसे. कोंकणांतलें कौलारू घर डोळ्यांपुढें आणा. पागोळ्या जोत्यापासून दूर पडाव्या म्हणून छप्पर पुढें ओढलेलें. पायरीचा दगड खडबडीत, आणि पायरीशीं पाण्याचें भांडें. अंगणांतून आलेल्या माणसानें तेथें पाय धुवावे, पडवींत येऊन इरलें खुंटीला अडकवावें, आणि मग ओटीवर बसावें. चिखल पायरीवर संपे, पाणी पडवींत संपे, ओटी कोरडी राही. पुण्याच्या वाड्यांत हेंच काम देवडी आणि चौक करीत. फार काय, मुंबईच्या चाळींतल्या एका खोलीच्या बिऱ्हाडांतहि कोपऱ्यांत मोरी असे. आजच्या फ्लॅटमध्यें मात्र दार उघडलें कीं थेट दिवाणखाना! जागा महाग झाली तेव्हां पहिला बळी पडवीचा गेला. ती परत आणतां येणार नाहीं. पण तिचें काम करणारी एक लहानशी जागा दाराशीं निर्माण करतां येते.

नवें घर बांधणारांनी कंत्राटदाराला आधींच सांगून दाराजवळ एक छोटी मोरी आणि नळ मागून घ्यावा. ही केवळ हौस नव्हे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पुढल्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसच्या तापानें मुंबईंत अनेक माणसें दगावलीं. उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून, पायाला खरचटलें असल्यास त्या वाटेनें, हा रोग शरीरांत शिरतो. पाय साबणानें धुणें हें त्यावरचें औषध नव्हे, तशा पाण्यांतून चालून आल्यास डॉक्टरांना विचारावेंच. तरी तें पाणी पायांवरून घरभर फिरवूं नये हें उघड आहे.

तयार घरांत मोरी काढणें बहुधा शक्य नसतें, कारण खालीं दुसऱ्याचें छत असतें. तेथें पहिला विचार फरशीचा करावा. दाराशीं तीन फूट रुंद व चार फूट लांब एवढा तुकडा बदलून खरबरीत कोटा किंवा शहाबादी फरशी बसवावी. पॉलिश करूं नये. तिचा करडा-हिरवट रंग चिखल सोसतो, आणि मला तर तो पांढऱ्या चकचकाटापेक्षां देखणाच वाटतो. कडेला उंच पट्टी बसवून पाणी अडविण्याचा मोह होतो. आम्हींहि पट्टी आणून ठेवली होती. पण तिलाच म्हातारें माणूस अडखळेल हें ध्यानांत आलें, आणि ती परत केली. त्याऐवजीं दोन पायपुसणीं घालावीं: दाराबाहेर काथ्याचें, चिखलासाठीं, आंत सुताचें, पाण्यासाठीं. तीं दोन्हीं पावलें नीट मावतील एवढीं मोठीं असावींत. वीतभर रुंदीचीं शोभिवंत पायपुसणीं पुसण्याच्या कामाचीं नसतात.

त्यापुढें बाक. उभ्यानें एका पायावर तोल सांभाळीत ओली चप्पल काढणें हा वृद्धांचा घात आहे. बाक सुमारें १८ इंच उंच असावा आणि शेजारच्या भिंतींत धरावयाला एक भक्कम दांडी असावी. बाकाखालीं चपलांच्या फळ्या. खालची फळी जमिनीपासून पांच-सहा इंच वर, म्हणजे केरसुणी फिरेल. जुलैमध्यें मुंबईच्या हवेंत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. बंद कपाटांत जोड्यांवर चार दिवसांत बुरशी धरते. म्हणून दारें हवींच असतील तर वेताच्या जाळीचीं करावीं. साधें प्लायवूड पाण्यानें फुगतें. मरीन प्लायवूड, ज्यावर आय. एस. ७१० असा शिक्का असतो, तें घ्यावें. जुनें सागवान मिळालें तर फारच उत्तम.

खुंट्या पितळेच्या असाव्या, लोखंडाच्या नकोत. लोखंडाचा गंज रेनकोटावर उतरतो. दोन खुंट्यांत नऊ इंच अंतर ठेवावें, नाहींतर एक ओला कोट दुसऱ्याला वाळूं देत नाहीं. मुलांसाठीं एक ओळ तीन फुटांवर असावी. भिंतीवर विजेचीं बटणें असतील तर त्यांवर ओलें कांहींएक टांगूं नये. छत्र्यांखालीं स्टीलची एखादी जुनी परात ठेवली तरी पुरते.

हें सारें जिन्यापुढच्या सामाईक बोळांत मांडण्याची रीत मात्र सोडावी. आग लागली तर तीच निसटण्याची वाट असते, आणि अंधारांत व धुरांत चपलांचें कपाट हा मोठाच अडथळा होतो.

आमच्या घरीं ही जागा गेल्या वर्षीं तयार झाली. सासूबाई आतां काठी टेकीत येतात, बाकावर बसतात आणि आपल्या चपला आपणच काढतात. त्यांची एकच तक्रार आहे, छत्रीची खुंटी हाताला उंच पडते. सुतार पाऊस उघडल्यावर येतों म्हणाला आहे.