रात्रीची क्वार्टर, सकाळची वर्दी

विहिरीतून लहान मुलाचा मृतदेह काढून आलेला अग्निशमन दलाचा जवान केंद्रावर पोचला की आधी हात धुतो. कोपरापर्यंत साबण लावून, दोन-दोनदा. दोर वाळत पडतो, वर्दीची नोंद होते आणि पाळी सुटताना कुणीतरी हळूच विचारतं, ‘‘बसायचं का आज?’’

‘आजचं फार वाईट होतं’ हे एकमेकांना सांगायची दुसरी रीत त्या मंडळींना कुणी दिलेलीच नसते. पोलीस ठाण्यात आणि रुग्णवाहिकेवरही हेच चालतं. म्हणून मला त्या बसण्याचा राग येत नाही. काळजी वाटते ती पुढच्या बारा तासांची.

साधा हिशेब करू. १८० मिलिलीटरच्या व्हिस्कीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ७० किलो वजनाच्या पुरुषाचं यकृत तासाला सात-आठ ग्रॅमच निकालात काढतं. रात्री दहाला बसून एक क्वार्टर संपवली, तर रक्त स्वच्छ व्हायला सकाळचे सहा-सात वाजतात. दीड क्वार्टर झाली, तर दहा-अकरा. म्हणजे आठच्या पाळीला बंबाच्या स्टिअरिंगवर बसलेल्या चालकाच्या १०० मिलिलीटर रक्तात तेव्हाही ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असू शकतं. मोटार वाहन कायद्यातली मर्यादा तेवढीच आहे. त्याला स्वतःला मात्र आपण शुद्धीवर आहोत असंच वाटतं, कारण झोप झालेली असते, आंघोळ झालेली असते. थंड पाणी, लिंबू, कडक चहा यांनी तरतरी येते. यकृताचा वेग तसूभर वाढत नाही.

रक्त स्वच्छ झालं तरी शरीर पूर्वपदावर आलेलं नसतं. मूत्रपिंडांना पाणी राखायला सांगणारं संप्रेरक दारूमुळे दबतं, म्हणून रात्रभर लघवीवाटे पाणी जातं. असा कोरडा पडलेला माणूस जाड सूट आणि बीए सेट, म्हणजे श्वसनयंत्र, चढवून धुरात शिरतो, तेव्हा घाम यायला आणि रक्त फिरवायला लागणारं पाणीच अंगात कमी असतं. हृदयाची धडधड आधीच वाढलेली असते. अमेरिकेत कर्तव्यावर मृत्यू पावणाऱ्या अग्निशमन जवानांमध्ये आगीच्या ज्वाळांपेक्षा हृदयविकाराचे बळी जास्त असतात, हे इथे आठवावं. आणि अशाच सुस्तावलेल्या डोक्याने रुग्णवाहिकेत औषधाची मात्रा मोजताना एका दशांश चिन्हाची चूकही जीव घ्यायला पुरते.

पण खरा घाव बसतो तो झोपेवर. मेंदूला शांत करणारी यंत्रणा दारूने जोर धरते आणि जागं ठेवणारी दबते, म्हणून डोळा पटकन लागतो. अल्कोहोल उतरू लागलं की दबलेली यंत्रणा उसळून उठते. पहाटे तीनला दचकून जाग, छातीत धडधड, अंगाला घाम. शिवाय स्वप्नांची झोप, जिला आरईएम म्हणतात, ती कापली जाते. दिवसाच्या आठवणींमधली भावनेची धार बोथट करण्याचं काम मेंदू बऱ्याच अंशी याच झोपेत करतो, असं झोपेचे अभ्यासक मानतात. ते काम अर्धवट राहतं आणि विहिरीतला तो चेहरा आठवडाभरानंतरही तितकाच ताजा येतो. मग आणखी एक पेग. विसरण्यासाठी घेतलेली दारू विसरण्याच्याच आड येते. चिडचिड, घरच्यांशी अबोला, उदासी आणि काहींच्या बाबतीत जीव देण्याचे विचार इथून पुढे येतात.

नुसती दारूबंदीची नोटीस लावून हे सुटत नाही, कारण नोटिशीने पेला जातो आणि त्याबरोबर बोलण्याची ती एकच जागाही जाते. त्याऐवजी वाईट वर्दीनंतर घरी जाण्याआधी तांडेलाने, म्हणजे तुकडीच्या प्रमुखाने, सगळ्यांना चहाला बसवावं, काय दिसलं ते ज्याला बोलायचंय त्याला बोलू द्यावं, कुणावर जबरदस्ती करू नये. दोन-तीन आठवड्यांनी एकेकट्याला विचारावं, ‘‘झोप लागते का रे?’’ पेल्याशिवाय लागत नसेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. पुण्यात १९८६पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. एक गोष्ट मात्र जपावी. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हातपाय कापतात, फिट येऊ शकते, भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. त्याने सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि तेवढ्या दिवसांची रजा त्याला कारण न विचारता मिळायला हवी.