धुराचे मूळ कसे ओळखावे? : सेंद्रिय वायुकलिलांच्या उगमांचा शोध आणि सिंहगडावरील पुरावा

प्रस्तावना

हिवाळ्यात सकाळी बावधनच्या टेकडीवरून पुणे शहराकडे पाहिले असता करड्या धुरक्याचा थर स्पष्ट दिसतो. मुंबई-बंगळूरू महामार्ग आणि चांदणी चौकातील वाहतूक नजरेसमोर असल्याने या धुरक्याचा सारा दोष वाहनांना देण्याकडे आपला कल असतो. परंतु याच परिसरात थंडीत शेकोट्या पेटतात, पालापाचोळा जाळला जातो आणि पुढे टेकड्यांवरील वाळलेल्या गवताला वणवे लागतात. पश्चिमेकडे मुळशीच्या भातपट्ट्यात पावसाळ्यापूर्वी राब भाजले जातात. हवेत मिसळल्यानंतर हा सर्व धूर डोळ्यांना सारखाच दिसतो. त्यातील कोणता वाटा कोणाचा, हे ठरविण्याच्या शास्त्रीय पद्धतींचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

सेंद्रिय वायुकलिल : स्वरूप

हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म घन वा द्रव कणांच्या समूहास वायुकलिल अथवा एरोसोल असे म्हणतात. त्यातील कार्बनी संयुगांनी बनलेला भाग म्हणजे सेंद्रिय वायुकलिल होय. त्याचे दोन प्रकार पडतात. चूल, इंजिन वा वणवा यांतून कणरूपानेच बाहेर पडणारा तो प्राथमिक. बाष्परूपात बाहेर पडलेल्या संयुगांचे हवेत ऑक्सिडीभवन होऊन पुढे कण तयार होतात, ते दुय्यम. दुय्यम कणांमुळे शोध अवघड होतो, कारण कण तयार होतो त्या ठिकाणी त्याचा उगम असतोच असे नाही. शिवाय अशी बाष्पे वाहनांप्रमाणेच झाडांच्या पानांतूनही बाहेर पडतात.

सूचक संयुगे

प्रत्येक उगम आपली काही रासायनिक खूण मागे ठेवतो. लाकडातील सेल्युलोज जळताना लेव्होग्लुकोसान हे संयुग तयार होते. पेट्रोल वा डिझेलच्या ज्वलनातून ते निर्माण होत नाही. वाहनांच्या वंगण तेलातून होपेन वर्गातील संयुगे येतात. झाडांपासून निघणाऱ्या आयसोप्रीनपासून बनलेली मिथिलटेट्रॉल संयुगे ॲमेझॉनच्या अरण्यातील हवेत आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. अनेक नमुन्यांतील अशा घटकांचे प्रमाण एकत्र कसे कमी-अधिक होते, यावरून गणिती प्रारूपाच्या साहाय्याने उगमांचे वाटे काढता येतात.

मात्र लेव्होग्लुकोसान हवेतील हायड्रॉक्सिल मूलकांशी अभिक्रिया होऊन हळूहळू नष्ट होते. त्यामुळे दूरवरून आलेल्या धुरात ही खूण पुसट होते व लाकडाचा वाटा कमी मोजला जाण्याचा संभव असतो.

कार्बन-१४ ची कसोटी

प्रवासात न पुसली जाणारी खूण कार्बन-१४ या समस्थानिकाने मिळते. विश्वकिरणांमुळे वातावरणात तो सतत निर्माण होतो व प्रकाशसंश्लेषणाद्वारे वनस्पतींत येतो. त्याचा अर्धायुकाल सुमारे ५,७३० वर्षे आहे. कोळसा व खनिज तेल कोट्यवधी वर्षांपूर्वीचे असल्याने त्यांत तो शिल्लक उरलेला नाही. म्हणजे सरपणाच्या धुरात कार्बन-१४ असतो, डिझेलच्या धुरात नसतो. नमुन्यातील त्याचे प्रमाण ताज्या वनस्पतीतील प्रमाणाच्या निम्मे भरले, तर निम्मा कार्बन जैविक व निम्मा खनिज इंधनाचा, असा हा सरळ हिशेब आहे.

सिंहगडावरील पुरावा

या कसोटीचा दक्षिण आशियातील एक महत्त्वाचा प्रयोग आपल्या जवळच झाला. बावधनच्या दक्षिणेस, हवाई अंतराने पंधरा-सोळा किलोमीटरवर असलेल्या सिंहगडावर, तसेच मालदीवमधील हनिमाधू बेटावर हिवाळी मोसमी वाऱ्यांच्या काळात नमुने घेण्यात आले. स्टॉकहोम विद्यापीठाचे ऑर्यान गुस्ताफसन व सहकारी यांचा हा शोधनिबंध २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञही त्यात सहभागी होते.

त्यापूर्वी या प्रश्नावर दोन परस्परविरोधी उत्तरे होती. इंधनवापराच्या नोंदींवर आधारलेली प्रारूपे जैविक इंधनांचा वाटा ५० ते ९० टक्के सांगत. हवेतील कणांची मूलद्रव्यीय घडण मात्र खनिज इंधनांकडे बोट दाखवीत होती. कार्बन-१४ च्या मापनातून एकूण कार्बनी वायुकलिलांपैकी सुमारे दोन-तृतीयांश भाग जैविक ज्वलनाचा असल्याचे दिसून आले. काळ्या कार्बनच्या दोन उपप्रकारांत हा वाटा अनुक्रमे निम्मा व दोन-तृतीयांश होता. काळ्या कार्बनविषयीचा निष्कर्ष विशेष बळकट ठरतो, कारण काजळी पानांतील बाष्पांपासून बनत नाही. ती ज्वलनातूनच येते.

मर्यादा

कार्बन-१४ ‘लाकूड की तेल’ एवढेच सांगतो. तो धूर चुलीचा, राबाचा की वणव्याचा, हे सांगत नाही. डोंगरमाथ्यावरील नमुना एका वस्तीचा नसून विस्तीर्ण प्रदेशाच्या हवेचा असतो. म्हणून तो बावधनच्या एखाद्या चौकास लागू करता येणार नाही. तसेच २०१६ मध्ये सुरू झालेली उज्ज्वला योजना व २०२० पासून लागू झालेले भारत स्टेज-६ इंधन यांनंतर परिस्थिती बदलली आहे. ते गुणोत्तर आजचे म्हणून उद्धृत करणे योग्य नव्हे.

समारोप

उगम चुकीचा ठरविला की उपायही चुकतो. केवळ वाहनांना दोषी धरल्यास चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीच्या फुप्फुसांत जाणारा धूर दुर्लक्षित राहतो. केवळ चुलीला दोष दिल्यास इंधनासाठी पर्याय नसलेल्यांवर ठपका येतो आणि महामार्ग निर्दोष सुटतो. उपाययोजना दोन्ही उगमांवर हवी, हाच उपरोक्त शोधनिबंधाचाही निष्कर्ष होता.

सूचक संयुगांचे मापन महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेरचे असले, तरी आपल्या परिसरात काय, कोठे, केव्हा व किती वेळ जळते याची तारीखवार नोंद विद्यार्थी निश्चितच ठेवू शकतात. कार्बन-१४ जे सांगू शकत नाही, ते अशा नोंदींतून कळू शकते. भूगोल, रसायनशास्त्र व समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन हाती घ्यावे असे हे काम आहे.