जुन्या जीपला नवा पत्रा : आधी दोरी, मग कात्री



आमच्या पन्हाळा भागात फिरताना एखाद्या घराच्या पडवीत जुनी जीप उभी दिसते. इंजिन चालू होते, पण तळाच्या पत्र्यातून खालची जमीन दिसते. 'पत्रा बदलला की गाडी उभी राहील' असे घरचे म्हणतात, आणि ते खरेही आहे. मडगार्ड, बॉनेट, तळ, बाजू असे सगळे पत्रे जुन्या नमुन्यावर घडवलेले तयार मिळतात. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव तर जीप बांधण्यासाठीच नावाजलेले आहे. अमेरिकेत १९३२ च्या फोर्डला जोरदार इंजिन बसवून 'हॉट रॉड' करणारे हौशी लोकही असेच नव्याने घडवलेले पत्रे वापरतात. त्यांची आणि आपली अडचण एकच. पत्रा तयार मिळतो, पण तो गाडीवर आपोआप बसत नाही.

हे मी ठेच खाऊन शिकलो. आमच्या घरची जीप १९६८ सालची. वडिलांना एकदा तिच्यात बसून जोतिबाच्या चैत्र यात्रेला जायचे होते. यात्रा महिन्यावर आली तेव्हा मी पत्रे मागवले आणि एका कारागिराकडे गाडी दिली. डावे मडगार्ड बोटभर पुढे येऊ लागले. मीच घाईने म्हणालो, "काप, आणि बसव." डावे बसले, तर बॉनेट तिरके झाले. बॉनेटला ठोकले, तर जाळी सरकली. शेवटी चासी मोजली, तेव्हा एका कर्णात दुसऱ्यापेक्षा पाऊण इंच जास्त भरले. कधीकाळी ओढ्यात आदळलेली चासी वाकलेली होती. पत्रा बरोबर होता आणि आम्ही तोच कापून टाकला होता. त्या चैत्रात वडील घरीच राहिले.

तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात घ्या : आधी मोजणी. घराचा पाया आखताना गवंडी दोरीने दोन्ही कर्ण ताडून पाहतो, तसेच इथे करा. गाडी सपाट फरशीवर चार भक्कम टेकूंवर समतल ठेवा. बॉडी बसते त्या बोल्टांच्या भोकांतून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा करा. पुढची उजवी ते मागची डावी आणि पुढची डावी ते मागची उजवी, अशी दोन्ही अंतरे मोजा. ती सारखी नसतील तर पत्र्याला हात लावू नका. चासी सरळ करणारा जाणकार गाठा.

दुसरी गोष्ट : जुना पत्रा भंगारात घालू नका. सडला असला तरी भोके कुठे आणि वळण किती, हे तोच सांगतो. त्याचा न सडलेला भाग आणि नवा पत्रा यांची जाडी मोजून पाहा. फार पातळ माल लवकर थरथरतो आणि फाटतो.

तिसरी गोष्ट : सगळे पत्रे आधी नुसते टांगून पाहा. तळ व बाजू बसवा, मग जाळी, मग बॉनेट, शेवटी मडगार्ड. बोल्ट सैल ठेवा. बॉनेटच्या दोन्ही बाजूंच्या फटीत एकाच जाडीची लाकडी चीप सरकवून पाहा. कमीजास्त असेल तर बोल्टाखाली वायसर घालून उंची साधा. सगळे जुळल्यावरच बोल्ट आवळा आणि वेल्डिंगला हात घाला. वेल्डिंगही सलग ओढू नका. इकडे एक टाका, तिकडे एक टाका, मध्ये गार होऊ द्या. नाहीतर पत्रा पापडासारखा वाकतो.

त्याआधी बॅटरी सोडा आणि पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. रिकाम्या टाकीतली वाफही भडकते, म्हणून टाकीला घरी वेल्डिंग करू नका.

आता माझ्या खात्यातले सांगतो. तळ का सडतो? पाऊस आहेच, पण आपण जीपमधून पोटॅशची पोती वाहतो. पोटॅश म्हणून मिळणारे नेहमीचे खत क्लोराइडचे असते. सांडलेले खत ओल धरून मिठासारखे लोखंड खाते. गोठ्याची ओल आणि मूत्रही तसेच. म्हणून नव्या पत्र्यावर आलेला काळा लेप किती पक्का आहे ते घासून पाहा, कच्चा असेल तर काढा आणि गंजरोधक प्रायमर द्या. जोडाच्या आत वेल्डिंगआधी जस्ताचा प्रायमर लावा, रंगापूर्वी सांधे भरा आणि पाणी जाण्याची भोके मोकळी ठेवा. खत वाहिल्यावर तळ धुऊन वाळवा.

कायद्याचेही पाहा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाने फेरफार करता येत नाही. त्याच मापाचा पत्रा बदलणे वेगळे आणि जीप लांब करणे वेगळे. चासी नंबराची जागा कापू किंवा घासू नका. पन्नास वर्षांवरील जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हिंटेज' नोंदणीची सोय आहे. मात्र त्यासाठी चासी, बॉडी व इंजिन मूळ स्वरूपात लागते आणि ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. आपल्याला काय हवे ते आधी ठरवा आणि परिवहन कार्यालयात विचारून घ्या.

आम्ही चासी सरळ करून घेतली, दुसरे मडगार्ड आणले आणि या वेळी आठ दिवस नुसते टांगून पाहिले. पुढच्या चैत्रात वडील पुढच्या सीटवर बसून जोतिबाला आले. गुलालाने बॉनेट लाल झाले. पुसायला निघालो तर म्हणाले, "राहू दे."

मला एक वर्ष आणि एक मडगार्ड एवढे मोल पडले. तुम्ही दोरीने भागवा.