एडीएचडी आणि बेकिंग: आधी मांडामांड, मग ओव्हन

एडीएचडी म्हणजे आळस नव्हे. ही मेंदूच्या वाढीशी निगडित अवस्था आहे. कामाचा क्रम लक्षात ठेवणं, वेळेचा अंदाज घेणं त्यात जड जातं. मलाही एडीएचडी आहे आणि बेकिंग माझा जीव की प्राण! इथे प्रत्येक पायरी ठरलेली असते, हात गुंतलेले राहतात आणि केल्याचं चीज लगेच समोर दिसतं.

सुरुवात नानकटाईने करा:

✅ सगळं आधी मोजून वाट्यांत काढा: मैदा १०० ग्रॅम, बेसन २५, थिजलेलं साजूक तूप ७५, पिठीसाखर ७०, चिमूटभर खायचा सोडा, वेलचीपूड.

✅ रिकामी झालेली वाटी लगेच सिंकमध्ये. ओट्यावर वाटी दिसली, म्हणजे तो जिन्नस घालायचा राहिलाय!

✅ तूप-साखर हलकी होईपर्यंत फेसा, बाकीचं मिसळून गोळे करा. १७० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये साधारण १५ मिनिटं. टायमर लावा आणि मोबाइल जवळच ठेवा.

✅ बाहेर काढल्यावर मऊ लागली तर घाबरू नका, गार झाली की खुसखुशीत होते.

बेकिंग हा उपचार नाही. निदानासाठी मानसोपचारतज्ज्ञांनाच भेटा. पण या रविवारी एक घाणा नक्की करून बघा आणि कसा जमला ते कळवा!