मुख्य याजक येशूवा : बंदिवासोत्तर उपासनेचा उपेक्षित शिल्पकार

बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या यहुदी समाजाच्या इतिहासात एज्रा व नहेम्या ही नावे सर्वपरिचित आहेत. त्यांच्या कित्येक दशके आधी यरुशलेमेत उपासनेची पुनःस्थापना करणारा मुख्य याजक येशूवा बिन योसादाक मात्र उपेक्षितच राहिला.

इ.स.पू. ५८६ च्या सुमारास मंदिर उद्ध्वस्त झाले. येशूवाचा आजोबा सराया रिब्ला येथे मारला गेला. पिता योसादाक बंदिवासात गेला. इ.स.पू. ५३९ मध्ये इराणी सम्राट कोरेशाने बाबेल जिंकले आणि यहुद्यांचा परतीचा मार्ग मोकळा झाला. एज्राच्या ग्रंथानुसार येशूवा व जरूब्बाबेल यांनी प्रथम वेदी उभारली, मंदिराचा पाया त्यानंतर घातला. हा क्रम अर्थपूर्ण आहे. नित्य होमार्पणास भिंतींची नव्हे, वेदीची आवश्यकता होती. विरोधामुळे खंडित झालेले बांधकाम इ.स.पू. ५२० मध्ये हाग्गय व जखऱ्या या संदेष्ट्यांच्या प्रेरणेने पुन्हा सुरू होऊन इ.स.पू. ५१५ च्या सुमारास पूर्ण झाले.

जखऱ्याच्या दृष्टान्तात येशूवा मलिन वस्त्रांत उभा असून सैतान त्याच्यावर आरोप करण्यास सिद्ध आहे. देवदूताच्या आज्ञेने ती वस्त्रे उतरवून त्याला शुद्ध वस्त्रे दिली जातात. परभूमीतून आलेला याजक पवित्र सेवेस पात्र आहे काय, या प्रश्नाचे हे रूपकात्मक उत्तर मानता येते.

दाविदाचे राजसिंहासन पुन्हा स्थापन झाले नाही. राजाविना राहिलेल्या समाजात मुख्य याजकपदच ऐक्याचे केंद्र बनत गेले. या परिवर्तनाच्या प्रारंभी येशूवा उभा आहे, हेच त्याचे ऐतिहासिक महत्त्व होय.