भिलाईत जेवायचे कुठे?

नागपूर-अमरावतीकडचे एखादे कुटुंब भिलाईला जाते. कारण लग्नाचे असेल किंवा पोलाद कारखान्यात नोकरीला असलेल्या दिरा-जावेकडचे. मुक्काम चार दिवसांचा. पहिल्या रात्री हॉटेलात पनीर बटर मसाला आणि तंदुरी रोटी होते. दुसऱ्या सकाळी मसाला डोसा, दुपारी थाळी, रात्री मुलांच्या हट्टाखातर चाऊमिन. तिसरा दिवस लग्नाच्या पंगतीचा, म्हणजे पुन्हा पनीरच. चौथ्या दिवशी दुर्ग स्थानकावर गाडीची वाट पाहताना गृहिणीच्या मनात येते, हे सगळे तर आपल्या कॉलनीच्या कोपऱ्यावरही मिळते. मग इथले म्हणून आपण खाल्ले तरी काय?

प्रश्न वाटतो तितका साधा नाही. भिलाईचे स्वतःचे असे जेवण कोणते, हे भिलाईत वाढलेल्यालाही चटकन सांगता येत नाही. हे गाव मुळी कारखान्याबरोबर वाढले. सोव्हिएत रशियाशी 1955 मध्ये करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. मग केरळ, आंध्र, बंगाल, ओरिसा, पंजाब, महाराष्ट्र अशा साऱ्या दिशांनी माणसे आली. सेक्टरांच्या एकसारख्या क्वार्टरांतून प्रत्येकाची वेगळी फोडणी उठू लागली. म्हणून इथे इडली चांगली मिळते, बंगाली मिठाई चांगली मिळते, छोले-भटुरेही मिळतात. इंडियन कॉफी हाउसमध्ये तुऱ्याचा फेटा बांधलेला वाढपी बीट घातलेले कटलेट आणून ठेवतो आणि जुने भिलाईकर त्याच्याशी घरच्यासारखे बोलतात. हे भिलाईचे खरेच आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण ज्या मातीवर हा कारखाना उभा राहिला, त्या छत्तीसगडच्या गावाकडचे ताट या बाजारात दिसत नाही. ते असते, पण शोधावे लागते.

सुशीची गोष्ट

परक्या मुलखात चांगले खाणे कसे शोधावे, याचा धडा जपानकडून घेण्याजोगा आहे. जपानला जाणाऱ्या प्रवाशाची पहिली चिंता असते ती चांगली सुशी कुठे मिळेल ही. सुशी म्हणजे कच्चा मासा, असा आपल्याकडे सरसकट समज आहे. तो बरोबर नाही. सुशीचा आत्मा म्हणजे शिरका, साखर आणि मीठ लावलेला आंबूस भात. वरती मासा असेल, अंडे असेल, नाहीतर नुसती काकडी.

या पदार्थाचा जन्म चैनीतून नव्हे, गरजेतून झाला. मासा टिकावा म्हणून तो खारवून भातात दडपून ठेवत. भात आंबला की त्या आंबटपणामुळे मासा महिनोन्महिने टिके. बिवा सरोवराच्या काठी फुनाझुशी नावाचा हा जुना प्रकार आजही करतात. त्याचा वास नवख्याला सोसत नाही म्हणतात. आपण चित्रात पाहतो ती मुठीत दाबलेली निगिरी सुशी एकोणिसाव्या शतकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, रुळली. घाईतला गिऱ्हाईक हातगाडीपाशी उभ्याउभ्या दोन घास खाऊन पुढे जायचा. थोडक्यात, आपला वडापावच! पुढे योशिआकी शिराइशी या गृहस्थांनी बिअरच्या कारखान्यातील सरकता पट्टा पाहिला आणि 1958 मध्ये ओसाकाजवळ अशा पट्ट्यावर सुशीच्या बशा फिरवणारे हॉटेल काढले. त्यामुळे बेताच्या मिळकतीचे कुटुंबही सुशी खाऊ लागले.

तिथले जाणकार नवख्याला सांगतात ते असे. स्थानकासमोरच्या, परदेशी भाषेत मोठाली पाटी लावलेल्या हॉटेलात शिरू नका. आठ-दहा खुर्च्यांचे, मालक स्वतः समोर उभा राहून हाताने करून देतो असे दुकान पाहा. रात्रीपेक्षा दुपारी जा. तोच भात, तोच मासा, पण दर बराच कमी. यादी वाचत बसण्यापेक्षा आज काय चांगले आहे ते विचारा किंवा निवड सरळ मालकावर सोपवा. याला ते ‘ओमाकासे’ म्हणतात. मात्र त्याचे बिल दणदणीत होऊ शकते, तेव्हा दर आधी विचारलेला बरा. टोकियोतील त्सुकिजीचा मोठा मासळीबाजार 2018 मध्ये तोयोसूला हलला, तरी त्सुकिजीच्या बाहेरच्या गल्लीतली खाण्याची दुकाने तिथेच राहिली आणि गर्दीही राहिली.

शाकाहारी मंडळींसाठी काकडीची काप्पा-माकी आहे, गोड तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात भरलेली इनारी आहे. पण ती पिशवी बहुधा माशाच्या अर्कात शिजवलेली असते. कडक शाकाहारी असाल तर विचारून घ्या.

आता या सल्ल्यातला जपान काढून टाका आणि भिलाई घाला. बहुतेक सगळे तसेच्या तसे लागू पडते.

आधी बाजार, मग हॉटेल

एखाद्या गावात काय खावे हे हॉटेलच्या यादीवरून कळत नाही, भाजीबाजारावरून कळते. सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात किंवा आसपासच्या कोणत्याही आठवडी बाजारात सकाळी एक फेरी मारावी. टोपलीत पाने घेऊन बसलेल्या खेड्यातल्या बायका दिसतील. इथे एक गंमत आहे. आपण कोणत्याही भाजीला भाजी म्हणतो. छत्तीसगडीत ‘भाजी’ म्हणजे फक्त पालेभाजी, बाकी सगळे ‘साग’. वांग्याची भाजी मागितली तर समोरची बाई हसेल.

आणि पालेभाज्या तरी किती! लाल भाजी म्हणजे आपला लाल माठ. अमारी म्हणजे अंबाडी. चरोटा म्हणजे पावसाळ्यात उगवणारा टाकळा. मुनगा म्हणजे शेवग्याचा पाला. तिवरा म्हणजे आपल्या विदर्भातली लाखोळी, तिचे कोवळे शेंडे थंडीत मिळतात. चेंच भाजी उन्हाळ्या-पावसाळ्यात. बोहार भाजी म्हणजे भोकराच्या कळ्या आणि कोवळी पाने. ती उन्हाळ्याच्या तोंडावर थोडेच दिवस येते, भाव खाते आणि तरी हातोहात खपते. पहिल्या पावसानंतर पुटू नावाची रानातली अळंबी येतात, त्यांचा भाव ऐकून मटणही स्वस्त वाटावे. वऱ्हाडातल्या गृहिणीला यातले निम्मे ओळखीचे निघते, नाव तेवढे वेगळे.

बाजारात काय दिसते ते पाहून मग खानावळीत विचारावे, “आज कोणती भाजी आहे?” छत्तीसगडमध्ये बायका एकमेकींची खुशालीच मुळी अशी विचारतात, “का साग रांधे हव?” म्हणजे आज काय रांधले आहे? पाहुणीने हे एवढे एक वाक्य शिकून जावे. वयस्कर बाईला ‘दाई’ म्हणावे. दाई म्हणजे आई. मग पुढची माहिती न मागता मिळते.

काय मागावे?

छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ म्हणतात ते उगीच नव्हे. भातशास्त्रज्ञ डॉ. रिछारिया यांनी 1970च्या दशकात इथल्या खेड्यापाड्यांतून भाताच्या सुमारे एकोणीस हजार वाणांचे नमुने गोळा केले होते. साहजिकच इथला नाश्ताही भाताचाच. ‘चीला’ म्हणजे तांदळाच्या पिठाचे धिरडे. ते टोमॅटो-मिरचीच्या चटणीबरोबर गरमच खावे, निवले की त्यात राम राहत नाही. ‘फरा’ हा त्याहून खास. शिजलेला भात आणि तांदळाचे पीठ एकत्र मळायचे, बोटाएवढ्या वळकट्या करून वाफवायच्या आणि वर मोहरी, तीळ, हिरवी मिरची, कढीपत्त्याची फोडणी द्यायची. उरलेल्या भाताची याहून चांगली सोय शोधून सापडणार नाही. गुळातला गोड फराही करतात.

‘अंगाकर’ ही तांदळाची जाड भाकरी. पळसाच्या पानात ठेवून निखाऱ्यावर भाजतात. पानाचा वास भाकरीत उतरतो, तो गॅसवर येत नाही. म्हणून शहरात ती क्वचित मिळते. ‘बफौरी’ म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचे वाफवलेले वडे, तेलाला जपणाऱ्यांनी आवर्जून खावेत. आणि ‘इडहर’! अळूच्या पानांना उडदाच्या डाळीचे वाटण लावून गुंडाळायचे, वाफवायचे, कापायचे आणि आंबट ताकाच्या रश्शात सोडायचे. आपली अळूवडी आणि कढी एकाच वाटीत भेटल्यासारखे होते. इडहर हॉटेलात मिळण्याची आशा धरू नये. तो घरचा पदार्थ आहे.

सणावारी गेलात तर नशीबच. पोळा इथेही त्याच दिवशी असतो आणि मागोमाग आपली हरितालिका म्हणजे इथली ‘तीजा’. तीजेला भाऊ किंवा वडील सासरी जाऊन लेकीला माहेरी घेऊन येतात. आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात, त्याला ‘करू भात’ म्हणतात, आणि मग निर्जळी उपास. या दिवसांत घरोघर बेसनाची खारी ‘ठेठरी’ आणि गुळाची ‘खुरमी’ तळली जाते. ‘अइरसा’ खाऊन पाहिला की मराठी बाई लगेच म्हणेल, हा तर आमचा अनारसा!

मिळते कुठे?

हॉटेलांत कमी. सकाळी चौकातल्या टपऱ्यांवर पोहे-जिलेबी, समोसा, मिरची-भजी यांची चलती असते. चीला-फरा देणारी दुकाने आहेत, पण त्यांच्या पाट्या मोठ्या नसतात. रिक्षावाल्याला “चांगले हॉटेल” विचारले तर तो वातानुकूलित हॉटेलपाशी नेऊन सोडेल, त्यात त्याचा दोष नाही. पाहुण्याला चांगले म्हणजे तेच हवे असणार, असे त्याला वाटते. त्याऐवजी “चीला कुठे चांगला मिळतो?” असे पदार्थाचे नाव घेऊन विचारावे. म्हणजे तो स्वतः खातो ती जागा सांगेल.

एक दिवस हाताशी असेल तर रायपूर गाठावे. तासाभराचे अंतर आहे. तिथल्या महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात 2016 मध्ये ‘गढ कलेवा’ हे केवळ छत्तीसगडी पदार्थांचे उपाहारगृह सुरू झाले. बचत गटाच्या बायका रांधतात. पुढे इतर जिल्ह्यांतही याच नावाने केंद्रे निघाली. निघण्यापूर्वी वेळांची चौकशी करावी आणि सकाळी जावे. दुपार कलली की निम्मे पदार्थ संपलेले असतात, हेही ताजेपणाचेच लक्षण म्हणायचे.

पण सगळ्यांत चांगले जेवण मिळते ते घरीच. आणि इथेच खरी अडचण आहे.

पाहुण्याला शिळे कसे वाढायचे?

छत्तीसगडच्या कष्टकऱ्याचे मुख्य अन्न म्हणजे ‘बोरे बासी’. भात निववून पाण्यात घातला आणि त्याच दिवशी खाल्ला तर तो बोरे, रात्रभर पाण्यात राहून सकाळी किंचित आंबला की बासी. सोबत कांदा, हिरवी मिरची, चटणी किंवा चेंच-अमारीची भाजी. रणरणत्या उन्हात शेतावर जाणारा माणूस हे पाण्यासकट पिऊन निघतो. पोट थंड राहते, तहान कमी लागते असा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. भिलाईच्या उभारणीत डोक्यावर घमेली वाहणाऱ्या आसपासच्या खेड्यांतल्या मजुरांचा दिवस याच अन्नावर सुरू होत असे.

पण बासी म्हणजे शिळे. क्वार्टरात राहायला आलेल्या सुनेला शेजारणीसमोर बासीचे भांडे झाकावेसे वाटू लागले. मुलांच्या डब्यात फरा जाईना, सँडविच जाऊ लागले. पाहुणे आले की पनीर आणायला माणूस धावू लागला. सासूने सुनेला शिकवायचे आणि सुनेने लेकीला, ही साखळी एका पिढीत तुटते. मग कोणती पाने कधी खुडायची, इडहरचे वाटण किती घट्ट ठेवायचे, हे सांगणारे घरात कोणी उरत नाही.

गंमत पाहा. आंबलेल्या भातातून जन्मलेली सुशी जगभर मानाने मिरवते. बंगालचा पांता भात, म्हणजे बासीचा सख्खा भाऊच, 2021 मध्ये किश्वर चौधरी यांनी ऑस्ट्रेलियातल्या ‘मास्टरशेफ’ स्पर्धेच्या अंतिम फेरीत परीक्षकांपुढे ठेवला आणि तिसरा क्रमांक मिळवला. त्याच्या पुढच्याच वर्षी, 2022 च्या 1 मे रोजी, छत्तीसगडच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी कामगार दिनी श्रमिकांच्या सन्मानार्थ सर्वांनी बोरे बासी खावे, असे आवाहन केले. अधिकाऱ्यांनी बासी खातानाची छायाचित्रे झळकवली. त्यावर टीका झाली, थट्टाही झाली. तरी भांडे झाकणाऱ्या कित्येक जणींना त्या दिवशी ते उघडे ठेवावेसे वाटले असेल, तर ते थोडे नव्हे.

म्हणून भिलाईला कोणाकडे उतरणार असाल, तर जाण्याआधीच जावेला किंवा विहीणबाईंना फोनवर सांगून ठेवावे, “आमच्यासाठी काही वेगळे करू नका, तुमच्या शेजारच्या छत्तीसगडी ताईंकडून फरा तेवढा शिकायचा आहे.” ‘खायचा आहे’ म्हटले तर संकोच होतो. ‘शिकायचा आहे’ म्हटले की दार उघडते. जाताना हात रिकामे नसावेत. पुरणपोळ्या न्याव्या, प्रवासात टिकतात आणि तिकडे आवडतात. बासी मात्र ओळखीच्या घरचेच खावे. पाणी स्वच्छ हवे, भात आदल्या रात्रीचाच हवा. लहान मुलांना पहिल्या दिवशी दोन चमचे पुरे.

परतीच्या सामानात रखिया बडी, म्हणजे कोहळा आणि उडदाचे सांडगे, आणि बिजौरी ठेवायला जागा करावी. दोन्ही वाळवणे आहेत, महिनोन्महिने राहतात. नगरी दुबराज हा सुवासिक तांदूळ मिळाला तर दोन किलो घ्यावा. 2023 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा पिशवीवर तसे लिहिले आहे का ते पाहून घ्यावे. ठेठरी मात्र वेगळ्या डब्यात, अगदी वर ठेवावी. दुर्गहून गाडी सुटली की राजनांदगाव येण्याआधीच मुले ती मागतात.